माइकपुढचे कातडे

रॉक संगीताचे इतिहास बहुतेक गिटारवादकांच्या बाजूने लिहिले गेले आहेत. लिओ फेंडर, लेस पॉल, जिम मार्शल ही नावे त्यांत पानोपानी भेटतात. रेमो बेली किंवा बॉब बील्स ही नावे मात्र शोधावी लागतात आणि सापडली तरी तळटीपेत सापडतात. वस्तुतः रॉकच्या मैफलीत श्रोत्याच्या थेट छातीवर येऊन आदळणारा जो नाद असतो, त्याचा उगम जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या एका पडद्यात असतो. हा पडदा कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. परंतु ड्रमपुढे माइक आला तेव्हा ह्या प्रश्नाचा अर्थच बदलला, आणि तो बदल संगीताच्या इतिहासाइतकाच ऐकण्याच्या इतिहासातही मोडतो, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी परिभाषेविषयी दोन शब्द. तबल्याच्या बाबतीत आपण ज्याला पुडी म्हणतो त्याला ड्रमवादक 'हेड' म्हणतात. जुनी मंडळी 'स्किन' म्हणत, आणि कातडे जाऊन अर्धशतक उलटले तरी काहींच्या तोंडी तोच शब्द राहिला आहे. ड्रमला दोन हेड असतात : ज्यावर काठीचा किंवा पेडलचा आघात होतो ते आघाताचे, आणि समोरचे किंवा खालचे, जे केवळ आतल्या हवेच्या दाबाने थरथरते, ते अनुनादाचे. पुढील विवेचनात हे दोन शब्द आम्ही ह्याच अर्थाने वापरू.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही दोन्ही हेड प्रामुख्याने वासराच्या कातड्याची असत. कातड्याचा नाद उबदार, किंचित खोल आणि बोटांना ओळखीचा. पण कातडे हवेचे गुलाम. हवेत दमटपणा आला की ते सैल पडे, स्वर उतरे, काठी उसळेनाशी होई. दिव्यांच्या उष्णतेने किंवा कोरड्या हवेने ते इतके ताणले जाई की कधी फाटेही. जुन्या जॅझ वाद्यवृंदांच्या ड्रमवादकांनी बेस ड्रमच्या पोटात विजेचा दिवा बसवला तो शोभेसाठी असावा, अशी अनेकांची समजूत असते. पुढच्या हेडवर रंगवलेले निसर्गचित्र त्याने उजळून निघे हे खरेच, पण त्याचे मुख्य काम कातडे कोरडे ठेवण्याचे होते. त्या काळात हेडची निवड म्हणजे हवामानाशी केलेला रोजचा तह.

हा तह मोडला तो रसायनशास्त्राने. पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली मँचेस्टरच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्या दोन संशोधकांनी लावला होता, तो वस्त्रोद्योगासाठी. त्याच पदार्थाची ताणून बळकट केलेली पातळ फिल्म अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने १९५० नंतरच्या काही वर्षांत 'मायलर' ह्या नावाने बाजारात आणली. ती पाणी शोषत नव्हती. एवढा एक गुण ड्रमवादकांना पुरेसा होता. चिक इव्हान्स ह्याने १९५६ साली, आणि रेमो बेली ह्याने सॅम मुचनिक ह्या रसायनतज्ज्ञाच्या साहाय्याने १९५७ साली, ह्या फिल्मची हेड बाजारात आणली. पुढे इव्हान्सचा व्यवसाय बॉब बील्सने कॅन्ससमधील डॉज सिटी येथे चालवला. पहिला कोण, हा वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही, आणि आम्हांला त्यात रस नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. फिल्म लाकडी कड्याला ठोकून बसवली की ताण देताच निसटे किंवा फाटे. मुचनिकच्या रीतीत फिल्मच्या कडेला भोके पाडून ती ॲल्युमिनियमच्या पन्हळीत राळेसारख्या द्रवाने घट्ट बसवली गेली, आणि मगच तिच्यावर हवा तितका ताण देता येऊ लागला. ह्या हेडला बेलीने 'वेदर किंग' असे नाव दिले. नावातच सारे आले : ऋतूंवर राज्य करणारे. पुण्यामुंबईच्या पथकांतील ढोलांची पानेही अलीकडे कृत्रिम दिसतात त्याचे कारणही हेच आहे. भाद्रपदातला पाऊस चामड्याला मानवत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्लास्टिकचे हेड रॉकच्या दणदणाटासाठी जन्मले, असे पुष्कळदा सैलपणे लिहिले जाते. तसे नाही. ते जन्मले तेव्हा ड्रमसमोर सहसा माइक नसे, आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक जॅझ वाजवणारे होते. काहींना हा नाद कोरडा, करकरीत वाटला. गुळगुळीत फिल्मवर ब्रश घासून वाजवता येईना, म्हणून तिच्यावर खरखरीत पांढरा लेप चढवावा लागला, आणि त्या लेपाने नादही कातड्याच्या थोडा जवळ गेला. आज रॉकमध्ये ब्रश क्वचितच हाती घेतला जातो, पण बहुसंख्य वादकांच्या स्नेअरवर अजून तेच लेप दिलेले पांढरे हेड असते. कारण संपले तरी रीत टिकते, तसे हे.

रॉकचा खरा पेच निराळा होता आणि तो १९६५ साली उघड्यावर आला. त्या वर्षी १५ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचे वादन झाले. श्रोते पंचावन्न हजारांहून अधिक. गिटारांसाठी व्हॉक्स कंपनीचे शंभर वॉटचे ध्वनिवर्धक, गायनासाठी क्रीडांगणावर घोषणा करण्याची व्यवस्था, आणि ह्या सगळ्याच्या मागे एका चौथऱ्यावर रिंगो स्टार. किंचाळ्यांच्या त्या समुद्रात आपण गाण्याच्या कोणत्या ओळीवर आहोत हे सहकाऱ्यांच्या पाठमोऱ्या हालचालींवरून ओळखावे लागे, असे त्याने पुढे सांगितले आहे. गिटारचा आवाज विजेने वाढवता येत होता. ड्रमचा आवाज मनगटाने वाढवावा लागत होता. आपल्या संगीत नाटकातील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाजाची जी फेक साधावी लागे, तीच ड्रमच्या हेडकडून अपेक्षित होती. त्या हिशेबात चांगले हेड म्हणजे दूरवर ऐकू जाणारे हेड : पातळ, ताणलेले, खणखणीत.

पुढच्याच वर्षी हा हिशेब उलटा झाला, आणि तो रंगमंचावर नव्हे, स्टुडिओत. एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमरिक ह्या वीस वर्षांच्या ध्वनितंत्रज्ञाने रिंगोच्या बेस ड्रममध्ये एक लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ आणून ठेवला. बेस ड्रमच्या इतक्या निकट माइक नेऊ नये असा त्या संस्थेचा नियम होता, कारण हवेच्या झोताने माइक बिघडण्याची भीती. 'टुमॉरो नेव्हर नोज' ह्या गाण्याचा ठोका ह्या नियमभंगातून आला, अशी हकीकत एमरिकने २००६ च्या आपल्या आठवणींत दिली आहे. स्टुडिओतील ही रीत पुढच्या काही वर्षांत मोठ्या ध्वनिक्षेपण यंत्रणांबरोबर मंचावर आली. प्रत्येक ड्रमला स्वतंत्र माइक, तोही हेडपासून दोन-तीन बोटांवर.

आता ह्या दोन-तीन बोटांच्या अंतराकडे जरा सावकाश पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे.

वर्तुळाकार पडदा वाजला की त्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ कंपनासोबत त्याची उपकंपनेही जागी होतात, आणि तारेप्रमाणे ती दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुसंवादी प्रमाणात नसतात. आदर्श पडद्यात ती मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी अडनिडी येतात. ड्रमच्या नादात सूर स्पष्ट न लागता 'धड्' असा संमिश्र परिणाम होतो तो ह्यामुळे. वीस-पंचवीस फुटांवर बसलेल्या श्रोत्याला ही उपकंपने वेगळी ऐकू येत नाहीत. ती दालनाच्या हवेत विरतात, गिटारच्या आवाजाखाली झाकली जातात, आणि उरतो तो एक भरीव ठोका. माइकचे तसे नाही. तो हेडच्या काठाशी कान लावून बसलेला असतो. काठाजवळची ती झणझण, जी वादकाखेरीज कोणी कधी ऐकली नव्हती, तो निष्ठेने उचलतो, आणि यंत्रणा ती हजारपट करून मैदानभर पसरवते. शिवाय मंचावरचे प्रचंड ध्वनिवर्धक रिकाम्या टॉमलाही थरथरायला लावतात. ती थरथर माइक पुन्हा उचलतो, आणि कोणी हात न लावताच ड्रम घुमू लागतो. झांजांचा आवाज टॉमच्या माइकमध्ये शिरतो तो वेगळाच. थोडक्यात, माइक आल्यावर हेडने मोठ्याने बोलावे ही गरज उरली नाही. आपण काय बोलू नये, हे त्याला शिकावे लागले.

भारतीय वाचकास हा प्रश्न अपरिचित वाटू नये. पडद्याची अडनिडी उपकंपने सुसंवादी कशी करावी, ह्याचे उत्तर तबल्याच्या आणि पखवाजाच्या कारागिरांनी शाईच्या रूपाने केव्हाच देऊन ठेवले आहे. मध्यभागी अनेक थरांनी चढवलेला तो भार उपकंपनांना मूळ स्वराच्या पटीत आणून बसवतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार ह्यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले. पखवाजाच्या धुमाला कणीक लावतात तेही पडद्याला भार देऊन नाद खाली आणण्यासाठीच. पाश्चात्त्य ड्रमवादकाने वेगळा मार्ग धरला. त्याला उपकंपने सुरात आणायची नव्हती, मारायची होती. हा फरक केवळ तंत्राचा नव्हे, रुचीचा आहे, आणि त्यात उच्चनीच शोधण्याचे कारण नाही.

सत्तरच्या दशकात ही मारण्याची कला कळसाला पोहोचली. बील्सच्या इव्हान्स कंपनीने 'हायड्रॉलिक' नावाचे हेड काढले : मायलरचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा. आघातानंतर उठणारी बारीक कंपने त्या तेलातच जिरून जात. रेमोने 'सीएस' म्हणजे मध्यभागी काळी चकती असलेले हेड काढले. दुरून ते थेट शाईसारखे दिसते, पण चकती पातळ आणि सगळीकडे सारख्या जाडीची असल्याने शाईचे कार्य तिच्याकडून होत नाही. ती आघात सोसते आणि नाद थोडा आवरते, इतकेच. मग 'पिनस्ट्राइप' आले, ज्यात दोन थर कडेला चिकटवलेले असत. ह्यांखेरीज घरगुती उपाय : चिकटपट्ट्या, रुमाल, स्नेअरवर ठेवलेले पैशाचे पाकीट, बेस ड्रममध्ये उशी. पुष्कळांनी तर टॉमचे खालचे हेडच काढून टाकले आणि माइक पोटात घातला. अनुनादच नको, मग त्याचे हेड कशाला? त्या काळातील कितीतरी ध्वनिमुद्रणांत ड्रमचा आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा का येतो, ह्याचे उत्तर इथे आहे.

आमच्या मते ही अतिरेकी शस्त्रक्रिया होती. माइकला नको असलेले काढता काढता ड्रमपण काढले गेले. आणि हे निव्वळ आजचे शहाणपण नव्हे. त्याच काळात ह्याचा जिवंत प्रतिवाद उभा होता. लेड झेपलिनचा जॉन बॉनम सव्वीस इंची बेस ड्रम वाजवी. त्याने खालची हेड काढली नाहीत, ड्रम ताणून वरच्या स्वरात लावले, आणि लेप दिलेली हेड जवळजवळ मोकळी ठेवली. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ह्या १९७१ च्या गाण्यासाठी हेडली ग्रेंज ह्या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात ड्रम मांडून माइक वर जिन्यावर ठेवला गेला. म्हणजे ड्रमला अंतर परत दिले गेले. मंचावर असे अंतर देता येत नाही हे मान्य. पण बॉनमने मंचावरही हेच मोकळे हेड वाजवले, आणि ते घुमत राहिले असे म्हणणारा कोणी आम्हांला भेटलेला नाही. ज्याच्या हातात आघाताचे वजन आहे आणि ज्याचे दोन्ही हेड परस्परांशी नीट जुळवलेले आहेत, त्याची उपकंपने शत्रू ठरत नाहीत. अर्थात प्रत्येकाचा हात बॉनमचा नसतो, हेही विसरता येत नाही.

ह्या संदर्भात एक गंमतीची नोंद. 'ॲबी रोड' ह्या १९६९ च्या संचातील रिंगोच्या टॉमचा खोल, मऊ नाद सर्वांना ठाऊक आहे. त्या नव्या ड्रमवर वासराचे कातडे होते, असे त्याने स्वतः सांगितले आहे. आणि त्या काळच्या त्याच्या ड्रमांवर चहाच्या फडक्यांचे आच्छादन छायाचित्रांत दिसते. प्लास्टिक येऊन बारा वर्षे झाल्यावर जगातला सर्वांत प्रसिद्ध ड्रमवादक कातड्याकडे परतला होता, पण बंदिस्त स्टुडिओत. उघड्या मैदानावर, संध्याकाळच्या दवात, ती चैन परवडण्यासारखी नव्हती.

पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या तिसऱ्या संचासाठी वाजवताना फिल कॉलिन्सच्या एकमुखी टॉमचा प्रतिध्वनी ह्यू पॅडगम ह्या तंत्रज्ञाने 'गेट' नावाच्या यंत्राने मध्येच छाटला, आणि पुढची दहा वर्षे जगभरच्या मंचांवर तोच छाटलेला गडगडाट ऐकू येत राहिला. त्याविषयी पुरेसे लिहिले गेले आहे. आमच्या विषयापुरते महत्त्व एवढेच की, नाद छाटण्याचे जे काम हेडकडे होते ते आता यंत्राकडेही देता येऊ लागले, आणि हेडवरचा बोजा कमी झाला. खालची हेड परत आली. उशीची जागा हेडच्याच आतल्या काठाला बसवलेल्या पातळ कड्याने घेतली. रेमोचे 'पॉवरस्ट्रोक ३' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण.

आज माइकसह वाजवणाऱ्या रॉकवादकाच्या निवडीत एक सर्वसाधारण सहमती दिसते. तिच्याकडे आम्ही आज्ञावली म्हणून नव्हे, तर वरच्या इतिहासाचा साठलेला गाळ म्हणून पाहतो. टॉमवर दोन थरांचे हेड, प्रत्येक थर ७ मिल म्हणजे इंचाचा सात सहस्रांश, मिळून सुमारे ०.३६ मिलिमीटर : सत्तरच्या दशकाची भीती, पण तेल वगळून. खाली एकाच थराचे, पारदर्शक, १० मिलचे किंवा त्याहूनही पातळ : बॉनमचा वारसा. स्नेअरवर लेप दिलेले एकथरी १० मिल, म्हणजे जॅझची ब्रशची आठवण. जोरकस हात असेल तर त्याऐवजी दोन थर. स्नेअरच्या तळाशी तारांना लागून अवघे ३ मिल, कारण तिथे पडदा जाड झाला की तारा बोलतच नाहीत. बेस ड्रमला काठाचे कडे असलेले हेड, आणि पुढच्या हेडला एका बाजूस चार-पाच इंचांचे भोक, ज्यातून माइक आत जातो. हे भोक म्हणजे एमरिकच्या नियमभंगाचे कायमस्वरूपी स्मारकच. मधोमध न पाडता ते बाजूला पाडतात, म्हणजे अनुनादाचा बराचसा भाग शिल्लक राहतो.

पण ही सहमती एका गृहीतावर उभी आहे : प्रत्येक ड्रमला माइक आहे. दीडशे-दोनशे श्रोत्यांच्या छोट्या दालनात पुष्कळदा बेस ड्रमलाच तेवढा माइक मिळतो. तिथे जाड, दबलेली हेड घेऊन गेलेला वादक गिटारच्या आवाजाखाली गाडला जातो, आणि १९६५ ची फेक त्याला पुन्हा आठवावी लागते. आणि हेड काही दर मुक्कामाला बदलत नाहीत. म्हणून खरा प्रश्न 'कोणते हेड चांगले' असा नसतो; 'वगळण्याचा निर्णय कुठे आणि कोणी घ्यायचा' असा असतो. हेडवर वगळलेले मिक्सरपाशी परत मिळत नाही. हेडवर राखलेले मात्र मिक्सरपाशी कमी करता येते. तेव्हा वादकाने हेडवर शक्य तितके राखावे, ही आमची बाजू. ध्वनितंत्रज्ञाची बाजू अर्थातच वेगळी असते : समोर वीस वाहिन्या, हाताशी अर्धा तास, आणि घुमणारा ड्रम हा त्याच्या नावावर जमा होणारा दोष. ही बाजू खोटी नाही.

ह्या दोन बाजूंची गाठ पडते ती कार्यक्रमापूर्वीच्या ध्वनिचाचणीत. दालन रिकामे असते. तंत्रज्ञ एकेक ड्रम सुटा वाजवायला सांगतो. सुट्या ठोक्यात झणझण स्पष्ट ऐकू येते, रिकाम्या भिंती ती आणखी वाढवतात, आणि जेलची एक चिकट चकती हेडवर लागते, मग दुसरी. सायंकाळी श्रोते येतात, त्यांच्या देहांत आणि कपड्यांत निम्मा प्रतिध्वनी जिरतो, दोन गिटार सुरू होतात, आणि जी झणझण दुपारी त्रासदायक होती तिच्याच अभावी टॉम आता ऐकू येईनासा होतो. अनुभवी वादक ह्यावर एक जुना तोडगा करतात. कागदाच्या घडीला चिकटपट्टीने एकाच बाजूने हेडच्या काठाशी जोडतात, दाराच्या पाखीसारखे. ठोका पडला की पाखी उडते आणि क्षणभर हेड मोकळे बोलते. मग ती पुन्हा खाली येते आणि शेपटाची झणझण झाकते.